अहवालात टार्गेट १०० टक्के पूर्ण, मग ११ हजार पेट्या कमी कशा?

ठाण्याहून बाळकुम सोडलं, कशेळीचा खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुका सुरू होतो. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी एकाला एक लागून गावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपाउंड, कंपाउंडमध्ये ओळीने गाळे आणि गाळ्यांसमोर लागलेले टेम्पो. मुंबईत बसून मोबाईलवरून मागवलेला मिक्सर किंवा चपलांचा जोड बऱ्याचदा याच पट्ट्यातल्या एखाद्या गोडाऊनमधून निघालेला असतो.

ही गोडाऊनं इथेच का आली? त्याचं एक मोठं कारण म्हणजे जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागायची. त्यामुळे माल हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा, हे व्यापाऱ्यांना परवडायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. पण गोडाऊनं गेली नाहीत. उलट राज्याराज्यात छोटी गोदामं ठेवण्यापेक्षा एकाच ठिकाणी मोठं गोदाम ठेवणं कंपन्यांना सोयीचं झालं आणि मुंबई-नाशिक महामार्गाजवळचा हा पट्टा आणखी फुगला.

आता गोडाऊन कुठलंही असो, महिनाअखेरीला प्रश्न एकच असतो. टार्गेट किती होतं आणि झालं किती?

पूर्वी याचं उत्तर वहीत असायचं. मग एक्सेलमध्ये आलं. आता ऑफिसच्या भिंतीवर स्क्रीन असते, त्यावर पॉवर बीआयसारख्या सॉफ्टवेअरमधला डॅशबोर्ड असतो आणि मधोमध एक मोठा आकडा असतो. हिरवा असेल तर सगळे खूश, लाल असेल तर मीटिंग. त्या आकड्यावर सुपरवायझरचा इन्सेन्टिव्ह ठरतो, कंत्राटदाराचं कंत्राट ठरतं, पुढच्या महिन्यात किती माणसं ठेवायची तेही ठरतं.

आणि गंमत अशी की हा आकडा साफ चुकीचा असू शकतो. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, कुणी लबाडीही केलेली नसते. फक्त टक्क्यांची सरासरी काढलेली असते.

चार गाळे, एक महिना

समजा, काल्हेरमधल्या एका कंपनीकडे चार गाळे आहेत. प्रत्येक गाळ्यातून महिन्याला किती पेट्या बाहेर पडायला हव्यात, ते ठरलंय. महिना संपला तेव्हाचा हिशोब असा:

- गाळा १ : टार्गेट ४०,००० पेट्या, गेल्या २८,००० म्हणजे ७० टक्के
- गाळा २ : टार्गेट ५,००० पेट्या, गेल्या ५,५०० म्हणजे ११० टक्के
- गाळा ३ : टार्गेट ३,००० पेट्या, गेल्या ३,३०० म्हणजे ११० टक्के
- गाळा ४ : टार्गेट २,००० पेट्या, गेल्या २,२०० म्हणजे ११० टक्के

ऑफिसातल्या मुलाने शेवटच्या रकान्याची सरासरी काढली. ७० अधिक ११० अधिक ११० अधिक ११०, भागिले ४. उत्तर आलं बरोब्बर १००. डॅशबोर्ड हिरवागार.

आता पेट्या मोजा. चारही गाळ्यांचं मिळून टार्गेट ५०,००० आणि प्रत्यक्षात गेल्या ३९,०००. म्हणजे ७८ टक्के. ११ हजार पेट्या कमी, आणि स्क्रीन म्हणतेय की टार्गेट पूर्ण.

झालं काय? एकूण ५० हजारांपैकी ४० हजार पेट्यांचा भार एकट्या पहिल्या गाळ्यावर होता, म्हणजे ८० टक्के वजन त्याचं. पण साध्या सरासरीत त्याला मत मिळालं चारपैकी एकच. दोन हजार पेट्यांच्या चौथ्या गाळ्यालाही तेवढंच मत.

हीच चूक उलटीही फिरते. समजा पुढच्या महिन्यात पहिल्या गाळ्याने जोर लावला आणि ४२,००० पेट्या काढल्या, म्हणजे १०५ टक्के. बाकीचे तीन गाळे मात्र ६० टक्क्यांवर अडकले. त्यांच्या पेट्या झाल्या ३,०००, १,८०० आणि १,२००. एकूण पेट्या ४८,०००, म्हणजे टार्गेटच्या ९६ टक्के. पण टक्क्यांची सरासरी येते ७१.२५.

कंपनीचा नियम असेल की एकूण काम ९० टक्क्यांच्या वर गेलं तरच सगळ्या टीमला इन्सेन्टिव्ह, तर पहिल्या महिन्यात तो चुकून वाटला गेला आणि दुसऱ्या महिन्यात हक्काचा असून हातचा गेला. ज्या महिन्यात पोरं रात्री उशिरापर्यंत लोडिंग करत होती, नेमका त्याच महिन्यात डॅशबोर्ड लाल.

तेंडुलकरची सरासरी अशी काढत नाहीत

हे क्रिकेटवाल्यांना समजवावं लागत नाही. सचिन तेंडुलकरने कसोटीत १५,९२१ धावा केल्या. डाव ३२९, त्यात नाबाद ३३. म्हणजे तो २९६ वेळा बाद झाला. १५,९२१ भागिले २९६ केलं की त्याची प्रसिद्ध ५३.७८ ची सरासरी मिळते. एकूण धावा भागिले एकूण वेळा बाद, बस.

आता त्याची दोन वर्षं घ्या. २०१० मध्ये १,५६२ धावा, सरासरी ७८.१०. आणि २००३ मध्ये १५३ धावा, सरासरी १७. या दोन सरासऱ्यांची सरासरी काढली तर येते ४७.५५. पण २०१० मध्ये तो २० वेळा बाद झाला होता आणि २००३ मध्ये ९ वेळा. दोन्ही वर्षांच्या मिळून १,७१५ धावा भागिले २९ केलं की खरी सरासरी येते ५९.१४. तब्बल साडेअकरा धावांचा फरक!

जनगणनेतही तेच. २०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी १० लाख, तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता. सिंधुदुर्गची होती सुमारे साडेआठ लाख. प्रत्येक जिल्ह्याच्या साक्षरतेच्या टक्क्यांची सरासरी काढून राज्याची साक्षरता सांगितली, तर ठाण्यातल्या १ कोटी १० लाखांच्या घरातल्या माणसांना आणि सिंधुदुर्गातल्या साडेआठ लाखांना सारखंच वजन मिळेल. म्हणून राज्याचा आकडा काढताना सगळे साक्षर एकत्र मोजतात आणि ७ वर्षं व त्यावरील वयाच्या एकूण लोकसंख्येने भागतात.

नियम एकच. आधी वरच्या आकड्यांची बेरीज, मग खालच्या आकड्यांची बेरीज आणि भागाकार सगळ्यात शेवटी.

कॉलम आणि मेजर यात फरक काय?

मग सॉफ्टवेअरमध्ये ही चूक होते कशी? तर भागाकार चुकीच्या जागी केल्यामुळे.

मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यातली सूत्रं डॅक्स नावाच्या भाषेत लिहितात. ही भाषा त्याआधीच एक्सेल २०१० च्या पॉवरपिव्होटसोबत आली होती. या भाषेत हिशोब लिहायच्या दोन मुख्य जागा आहेत. एक कॉलम आणि दुसरी मेजर.

कॉलम म्हणजे तक्त्यातला नवा रकाना. प्रत्येक ओळीसाठी उत्तर काढलं जातं आणि तिथेच साठवलं जातं. चलनावर एकदा छापलेल्या आकड्यासारखं. ७०, ११०, ११०, ११० असे टक्के कॉलममध्ये साठवले की नंतर त्यांचं करणार काय? बेरीज केली तर ४०० टक्के, सरासरी केली तर १०० टक्के. दोन्ही चूक.

मेजर म्हणजे वजनकाटा. काट्यात उत्तर साठवलेलं नसतं. वर जे ठेवाल त्याचं वजन तो त्या क्षणी सांगतो. एक गाळा निवडला तर त्या गाळ्याचे टक्के, सगळे गाळे निवडले तर सगळ्यांचे मिळून टक्के, फक्त दिवाळीचा आठवडा निवडला तर त्या आठवड्याचे. दर वेळी बेरजा नव्याने होतात आणि भागाकार त्यानंतर.

टार्गेटशी तुलना करायला तीन मेजर पुरतात. मराठीत लिहायचं तर असे:

एकूण पेट्या = सम ( डिस्पॅच तक्त्यातल्या पेट्या )

एकूण टार्गेट = सम ( टार्गेट तक्त्यातल्या पेट्या )

टार्गेटचे टक्के = डिव्हाइड ( एकूण पेट्या, एकूण टार्गेट )

तिसऱ्या मेजरमध्ये पहिली दोन वापरली आहेत, हे लक्षात घ्या. त्यामुळे तक्त्याच्या तळाच्या एकूण ओळीत सॉफ्टवेअर वरच्या टक्क्यांकडे बघतही नाही. ते ३९,००० ला ५०,००० ने भागतं आणि ७८ दाखवतं. वरच्या ओळींची सरासरी आणि खालची एकूण ओळ जुळत नाही म्हणून अनेक जण घाबरतात, पण इथे ते न जुळणंच बरोबर आहे.

पॉवर बीआय नसेल तरी नियम बदलत नाही. टॅब्लो किंवा लुकर स्टुडिओमध्येही दोन्ही बेरजा आधी करून मग भागाकार लिहावा लागतो. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड वापरलं तर एक्सेल आधी बेरजा करतं आणि मग भागतं, म्हणून उत्तर बरोबर येतं. मूळ शीटमध्ये टक्क्यांचा रकाना बनवून पिव्होटमध्ये त्याची सरासरी काढली तर मात्र पुन्हा तोच १०० टक्क्यांचा घोळ.

टार्गेट वेगळ्या तक्त्यात का हवं?

दुसरी मोठी चूक इथे होते. डिस्पॅचच्या तक्त्यात प्रत्येक चलनाची एक ओळ असते. टार्गेट मात्र महिन्याला एकच. मग कुणीतरी व्ही-लुकअप लावून प्रत्येक चलनासमोर त्या गाळ्याचं महिन्याचं टार्गेट आणून ठेवतं.

चौथ्या गाळ्याचं टार्गेट २,००० पेट्या आणि महिन्यात चलनं १०० झाली, तर बेरीज करताना टार्गेट होतं २ लाख. २,२०० पेट्या काढणारा गाळा ११० टक्क्यांवरून थेट १.१ टक्क्यावर येतो.

उपाय सोपा आहे. टार्गेटचा तक्ता वेगळा ठेवायचा, ज्यात एक गाळा, एक महिना, एक ओळ. मग गाळ्यांची एक यादी आणि तारखांचा एक तक्ता बनवायचा आणि डिस्पॅच व टार्गेट दोन्ही त्यांना जोडायचे. गाळा निवडला की दोन्हीकडे तोच गाळा निवडला जातो आणि टार्गेट एकदाच मोजलं जातं.

१५ तारखेला ४८ टक्के म्हणजे वाईट का?

महिन्याच्या मध्यावर डॅशबोर्ड उघडला की लाल रंगच दिसतो, कारण पंधरा दिवसांच्या कामाची तुलना तीस दिवसांच्या टार्गेटशी होत असते.

समजा रविवार सोडून महिन्यात कामाचे दिवस २६ आहेत आणि आजपर्यंत १३ दिवस काम झालंय. ५० हजारांपैकी आजपर्यंतचं टार्गेट झालं २५ हजार. प्रत्यक्षात २४ हजार पेट्या गेल्या असतील तर महिन्याच्या टार्गेटच्या ४८ टक्के झाले, पण आजपर्यंतच्या टार्गेटच्या ९६ टक्के. पहिला आकडा बघून साहेब ओरडतील, दुसरा बघून म्हणतील चालू द्या.

म्हणून 'आजपर्यंतचं टार्गेट' असं एक वेगळं मेजर लिहावं लागतं. त्यासाठी तारखांच्या तक्त्यात कामाचा दिवस कोणता आणि सुट्टीचा कोणता, याची खूण हवी. आणि मोजणी कॅलेंडरच्या आजच्या तारखेपर्यंत न करता, डेटा जिथवर भरलाय त्या तारखेपर्यंत करावी. नाहीतर आजची चलनं संध्याकाळी भरली जाणार असतील, तर सकाळी उगाच एक दिवसाची पिछाडी दिसते.

शिवाय सगळे दिवस सारखे नसतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये गाड्यांची रांग लागते आणि गणपतीत अर्धी माणसं गावाला जातात. तिथे सरळ दिवसांनी भागण्याऐवजी प्रत्येक आठवड्याचं टार्गेट आधीच वेगळं ठरवलेलं बरं. हा निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही, तो माणसांनीच घ्यायचा.

ज्याला टार्गेटच नाही, त्याचं काय?

महिन्याच्या मध्येच पाचवा गाळा घेतला. टार्गेट अजून ठरलेलं नाही, पण माल निघायला लागला. शून्याने भागता येत नाही, म्हणून साध्या भागाकारात गडबड होते. डिव्हाइड हे फंक्शन अशा वेळी रिकामी जागा दाखवतं आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

पण खरा घोटाळा एकूण ओळीत होतो. पाचव्या गाळ्याच्या ३,००० पेट्या वरच्या बेरजेत मिसळतात, खालच्या बेरजेत मात्र त्याचं काहीच नाही. ३९,००० चे झाले ४२,००० आणि टार्गेट तेच ५०,०००. ७८ टक्क्यांचे झाले ८४. टार्गेट असलेल्या एकाही गाळ्याने एक पेटी जास्त काढली नाही, तरी सहा टक्के वाढले.

त्यामुळे मेजरमध्ये अट घालावी लागते की टक्के काढताना टार्गेट असलेल्या गाळ्यांच्याच पेट्या धरायच्या. पाचव्या गाळ्याचं काम लपवायचं नाही, ते वेगळ्या ओळीत दाखवायचं.

जिथे कमी म्हणजेच चांगलं

पेट्यांचं टार्गेट जास्तीत जास्त गाठायचं असतं. तुटफुटीचं उलट आहे. समजा मर्यादा ठरली की १०० पेट्यांमागे अर्धी पेटीच फुटली तर चालेल, म्हणजे ०.५ टक्का. प्रत्यक्षात ०.४ टक्का फुटल्या, म्हणजे काम छान झालं. पण तेच जुनं मेजर इथे लावलं तर ते ०.४ ला ०.५ ने भागून '८० टक्के' म्हणतं आणि लाल रंग दाखवतं. हमालांनी माल जपून उतरवला आणि शिक्षा त्यांनाच! अशा ठिकाणी भागाकारापेक्षा फरक दाखवावा, 'मर्यादेपेक्षा ०.१ ने कमी', आणि रंगांचा नियम उलटा करावा.

आणखी एक गोष्ट. तुटफुटीचे टक्केसुद्धा गाळ्यागाळ्यांची सरासरी काढून मिळत नाहीत. एकूण फुटलेल्या पेट्या भागिले एकूण हाताळलेल्या पेट्या, इथेही तोच नियम.

एकूण आकडा बरोबर आला की संपलं का?

नाही. ७८ हा आकडा बरोबर आहे, पण तो एकटाच दाखवला तर तीन गाळ्यांनी ११० टक्के काम केलंय, हे झाकलं जातं.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं. १९७३ च्या प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. एकूण आकडा बघून वाटलं की स्त्रियांवर अन्याय होतोय. १९७५ मध्ये संशोधकांनी विभागवार हिशोब मांडला तेव्हा बहुतेक विभागांत तसा अन्याय दिसला नाही. स्त्रियांचे अर्ज मुळातच जिथे प्रवेश मिळणं अवघड, अशा विभागांकडे जास्त गेले होते. एकूण आकड्याची बेरीज चुकलेली नव्हती, पण कारण विभागांमध्ये दडलेलं होतं.

गोडाऊनमध्येही तसंच. पहिल्या गाळ्यात फ्रीज आणि वॉशिंग मशीन असतील आणि बाकीच्यांत चपला, तर एक पेटी आणि दुसरी पेटी सारखी नाही. म्हणून एकूण टक्क्यांखाली गाळ्यानुसार पेट्या, टार्गेट आणि कमी-जास्त फरक, हे तिन्ही दिसायला हवं. 'गाळा १ : १२,००० ने कमी' ही एक ओळ कुठे माणसं पाठवायची ते लगेच सांगते. नुसता '७८ टक्के' ते सांगत नाही.

पाच मिनिटांत तपासा

तुमच्या ऑफिसच्या डॅशबोर्डवर असा टार्गेटचा आकडा असेल, तर सूत्रं न येताही तो तपासता येतो.

- एकूण काम आणि एकूण टार्गेट हे दोन आकडे मागून घ्या आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर भागा. स्क्रीनवरचे टक्के तेच हवेत.
- स्क्रीनवरचं एकूण टार्गेट कागदावर ठरलेल्या टार्गेटशी जुळवा. कितीतरी पट मोठं दिसलं तर ते ओळीओळीत पुन्हा पुन्हा मोजलं जातंय.
- महिन्याच्या मध्यावर बघत असाल तर विचारा, हे टार्गेट पूर्ण महिन्याचं की आजपर्यंतचं?
- ज्यांना टार्गेटच दिलेलं नाही, त्यांचं काम वरच्या बेरजेत मिसळलंय का, ते बघा.
- 'कमी म्हणजे चांगलं' असलेल्या गोष्टींचे रंग उलटे आहेत का, ते बघा.

बनवणाऱ्याला दोष द्यायची गरज नाही. बहुतेकदा एखाद्या नव्या मुलाने दोन व्हिडिओ बघून, रात्री जागून तो डॅशबोर्ड उभा केलेला असतो. त्याची चूक एका रकान्याची असते आणि दुरुस्तीही एका मेजरची. पण ती दुरुस्ती होईपर्यंत कुणाचा तरी इन्सेन्टिव्ह अडकलेला असतो.

म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर टक्के झळकले, की टाळ्या वाजवण्याआधी किंवा मान खाली घालण्याआधी एकच प्रश्न विचारा. हे टक्के कशाला कशाने भागून आलेत? उत्तर 'एकूण पेट्या भागिले एकूण टार्गेट' असं आलं तर पुढे बोला. 'सगळ्या गाळ्यांची सरासरी' असं आलं, तर आधी पेट्या मोजायला घ्या.